पहिले तीन आटे

सोमवार, ७ जुलै २०२५

माझ्या पोरीनं, रश्मीनं जानेवारीत दिलेली ही डायरी कपाटावर तशीच पडून होती. गॅरेजच्या वहीत मी गाडीचा नंबर आणि काम एवढंच लिहितो, त्याहून जास्त लिहायची कधी गरज पडली नाही. पण आज आलेलं काम सदतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं नाही, म्हणून रोज संध्याकाळी घरी आल्यावर दोन ओळी लिहून ठेवायच्या असं ठरवलं आहे. पोरगी नागपूरहून आली की दाखवीन, बापानं डायरी वाया घालवली नाही म्हणून.

गाडी मोतीरामभाऊंची, मोहगावची. त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. दोन वर्षांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्यामुळे क्लच दाबता येत नाही. दीड वर्ष माणूस खुर्चीवर बसून होता. मजूर कलमा भलत्याच शेतात उतरवून यायचे आणि हे फोनवर बोंबलत बसायचे. मग त्यांनी नागपूरहून ही जुनी डिझेल पिकअप आणली, ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. उजव्या पायावर चालते. तेव्हापासून ते पुन्हा स्वतः कलमा घेऊन पांढुर्णा, वरूडपर्यंत जातात.

आता गाडी गिअर बदलताना झटका देते आणि खाली लाल तेल टपकतं. या गिअरबॉक्सचं तेल फार तापतं. दोन लोखंडी पाइपांतून ते पुढे रेडिएटरजवळच्या कूलरमध्ये जातं, थंड होतं, परत येतं. ते दोन्ही पाइप गंजून गेलेत. लागवडीचा हंगाम ऐन भरात आहे. मोतीरामभाऊ जाताना म्हणाले, "उत्तमभाऊ, काईबी करा, पण मले परत खुर्चीवर नोका बसवू." मी म्हटलं, दहा-बारा दिवस द्या.

मंगळवार, ८ जुलै

गाडी वर घेऊन नीट पाहिली. नुसते पाइप बदलून भागणार नाही. ज्यानं कोणी हे पाइप टाकले त्यानं जवळचा रस्ता धरला आणि सायलेन्सरला खेटून नेले. थंड व्हायला निघालेलं तेल वाटेतच तापणार, मग कूलरनं काय करायचं? शिवाय एका ठिकाणी पाइप पत्र्याला घासून अर्धा झिजला आहे. सायलेन्सरच्या बाजूला हात लावायचाच नाही, चेसिसच्या डाव्या पट्टीवरून न्यायचे, जागोजागी रबर घालून क्लिपा मारायच्या आणि पुढच्या बाजूला वळवायचे. पाइप दोन हात जास्त लागेल, लागू दे.

फरशीवर खडूनं पूर्ण रस्ता काढला. प्रवीण बराच वेळ बघत उभा होता. "काका, हे तं कंपनीवाल्यायलेबी नाई सुचलं," म्हणाला. लोधीखेड्याचा आहे, अकरा वर्षं माझ्याकडे आहे, पस्तिशीला आला. तोंडावर स्तुती करणारा माणूस नाही. मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू.

मात्र त्याचं एक खूळ मला आवडत नाही. हल्ली तो पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारका ब्रश खिशात ठेवतो आणि गाडी जायच्या आधी नटांवर टिपके देतो. विचारलं तर म्हणतो, सवय लागली. कसली सवय? सही करतोय काय स्वतःची?

गुरुवार, १० जुलै

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं, म्हणून दुकान दुपारीच बंद केलं. मेणबत्ती लावून मी वंदना घेत उभा होतो तर शेजारी उभ्या बायकोनं, लीलाबाईनं एकदम माझा हात ओढला. मेण बोटांवरून मनगटापर्यंत आलं होतं. ती म्हणाली, भाजलं नाही का? मी म्हटलं, मिस्तऱ्याचा हात आहे, कातडं जाड असतं. घरी आल्यावर तिनं गोळ्यांचा विषय काढला. सकाळची गोळी घेतो, संध्याकाळची राहते, एवढं काय त्यात.

येताना एक चप्पल विहाराच्या पायरीपाशीच राहिली. चौकात आल्यावर एका बाईनं सांगितलं, भाऊ, एका पायानं चालले. हसण्यावारी नेलं. नवीन चप्पल घ्यायला हवी, पट्टा ढिला झालाय.

शनिवार, १२ जुलै

दोन्ही पाइप वाकवून तयार. एकही वळण चेपलं नाही. फरशीवरच्या खडूच्या रेघेवर ठेवून पाहिले तर बोटभरही फरक नव्हता. असं काम झालं की जेवण गोड लागतं.

जुनं तेल उतरवण्याआधी इंजिन चालवून तापवलं होतं. मी खाली एका हातानं काहीतरी धरून, दुसऱ्या हातानं बोल्ट काढत होतो. जळाल्याचा वास आला. कापडाचा बोळा कुठं पेटला म्हणून बघतोय तोवर प्रवीणनं ओरडून माझा डावा हात खेचला. काहीतरी म्हणून मी जे धरलं होतं तो सायलेन्सरच होता. तळव्याला मोठा फोड आला आहे. पण सांगतो, दुखत नाही. प्रवीण त्या हाताकडे बघत राहिला. मी म्हटलं, बघतोस काय, पाना दे.

लिहिताना पेन सारखं निसटतं. नवीन जाड पेन आणलं, तेही तसंच. हल्ली माल चांगला मिळत नाही.

सोमवार, १४ जुलै

आज पाइप बसवले. कूलरच्या बाजूचे नट समोर दिसतात, ते झटकन झाले. गिअरबॉक्सच्या बाजूला मात्र डोळा पोचत नाही. वर हात घालायचा, चाचपडायचं आणि बोटांनीच बघायचं.

माझ्याकडे जो कोणी शिकून गेला त्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली आहे. पहिले तीन आटे बोटांनी. पाना नट बसवत नाही, पाना फक्त आवळतो. नट तिरपा लागला तर बोटाला तिथंच कळतं, तो अडतो, कुरकुरतो. तेव्हाच मागं फिरवायचा. पान्यानं दामटला तर तोही आवळल्यासारखाच वाटतो, पण आटे खाऊन टाकतो. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं, लोण्यासारखं मऊ. तिथं ही चूक परवडत नाही.

नट दोनदा हातातून पडला. तेलानं बुळबुळीत झाला होता. तिसऱ्यांदा लागला. मग पान्यानं आवळला, दोन्ही घट्ट. प्रवीण म्हणाला, मी एकदा बघू का? मी म्हटलं, मी केलेलं तू काय बघणार?

बुधवार, १६ जुलै

आज जे झालं ते लिहायला मन होत नाही, पण लिहितो.

दुपारी मी जेवायला घरी जातो आणि अर्धा तास पडतो. प्रवीण डबा आणतो, दुकानातच खातो. समोरचा चहावाला भिवाजी मला दोनदा म्हणाला होता की तुमी गेले की हा शटर अर्धं ओढून गाड्यायखाली शिरते. मी कानाआड केलं होतं. आज चष्मा विसरलो म्हणून वाटेतूनच परतलो. डबा न उघडलेला बाकावर आणि प्रवीण मोतीरामभाऊंच्या गाडीखाली. गिअरबॉक्सच्या बाजूचे दोन्ही पाइप त्यानं सोडून पुन्हा लावलेले आणि त्याच्या हातातल्या आरशात दिसणाऱ्या नटांवर पांढरे टिपके.

माझा पारा चढला. म्हटलं, "माह्या नटाले हात लावाचं तुले कोणं सांगतलं?" तो उठून बसला. मी म्हटलं, गिऱ्हाइकांना दाखवायला टिपके देतोस ना, की काम प्रवीणचं, उत्तमचं नाही? वेगळं दुकान टाकायचं असेल तर तोंडानं सांग, अकरा वर्षं खाल्लेल्या अन्नाची एवढी तरी चाड ठेव. तो खाली मान घालून रंगाची बाटली कापडानं पुसत होता. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस.

त्यानं डबा उचलला. दारापाशी थांबून म्हणाला, "काका, ते नट आता खोलू नोका. तेवढं आयका." आणि बसस्टँडकडे गेला.

गुरुवार, १७ जुलै

दुसऱ्याच्या हातचं काम माझ्या नावावर जाऊ देणार नाही. दोन्ही नट खोलले, डिझेलच्या बोळ्यानं टिपके पुसले आणि पुन्हा माझ्या हातानं लावले. वेळ लागला. एक नट सुरुवातीलाच जड गेला, पण पान्यानं व्यवस्थित बसला. नवीन तेल भरलं, इंजिन चालू ठेवून प्रत्येक गिअरमध्ये थोडा थोडा वेळ दिला, तेलाची पातळी पाहिली. लोधीखेड्याच्या बाजूला वीस किलोमीटर नेऊन आणली. झटका नाही. खाली कागद अंथरून ठेवला होता, त्यावर एक थेंब. पुन्हा आवळलं, थांबला.

लोधीखेड्याची पाटी आली तशी गाडी वळवली. पुढं जायचं काही कारण नव्हतं.

शनिवार, १९ जुलै

मोतीरामभाऊ काल गाडी घेऊन गेले. नकली पाय हातानं उचलून आत ठेवला, गाडी सुरू केली आणि गिअर बदलला की नाही हे कळलंच नाही म्हणून पोरासारखे हसले. आज त्यांनी फोन केला, पांढुर्ण्याला सहाशे कलमा पोचवून आले.

दुकान मोठं वाटतं. दुपारी घरी गेलो तरी झोप लागत नाही. लीलाबाई विचारते, प्रवीण का येत नाही. सुट्टीवर आहे म्हणून सांगितलं. बायकोशी खोटं बोललो.

शनिवार, २६ जुलै

जामसांवलीच्या फाट्याजवळ मोतीरामभाऊंची गाडी पेटता पेटता राहिली.

शनिवार म्हणून मारुतीच्या दर्शनाची गर्दी होती, तेच त्यांचं नशीब. चढावर गाडी हिसका मारून थांबली आणि खालून पांढरा धूर. गिअरबॉक्सच्या बाजूचा पाइप सुटून सगळं तेल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं. मोतीरामभाऊ घाईनं उतरायला गेले, पायाचा पट्टा सुटला आणि ते रस्त्यावर पडले. दर्शनाहून परतणाऱ्या माणसांनी त्यांना उचलून बाजूला नेलं, धुरावर माती टाकली. मी पोचलो तेव्हा ते कडेला दगडावर बसले होते, नकली पाय मांडीवर घेऊन. कापलेल्या पायाची कातडी सोलून रक्त आलं होतं. मागं कलमा तशाच उभ्या.

मला म्हणाले, तुमचा दोष नाही, जुनी गाडी आहे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, २७ जुलै

गाडी ओढून आणली. पाइपाचा रस्ता जसाच्या तसा, एक क्लिप हललेली नाही. फक्त तो एक नट. त्याचे निम्मे आटे चपटे आणि गिअरबॉक्सच्या तोंडाचे आटे कुरतडल्यासारखे. तिरपा लागलेला नट असाच दिसतो. पोरांना दाखवायला असे नट मी डब्यात ठेवले आहेत. पण मी लावलेला तिरपा जाईल कसा? नट कच्चा असणार, नागपूरचा दुकानदार हल्ली काहीही देतो.

असं लिहिलं खरं. तो नट तासभर हातात घेऊन बसलो होतो. टिपका मीच पुसला होता.

मंगळवार, २९ जुलै

मोहगावला गेलो, मोतीरामभाऊंची माफी मागायला. ते खाटेवर होते, बाजूला खुर्ची. तीच खुर्ची. नट कच्चा होता वगैरे मी सांगत होतो, ते ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्या डाव्या तळव्यावर. फोड फुटून जखम झाली आहे, अजून भरली नाही. विचारलं, कशानं? सांगितलं. दुखते का? नाही. चप्पल पायातून निसटते का? मी म्हटलं, पट्टा ढिला आहे.

मोतीरामभाऊंनी उशाजवळची जंभेरीची काडी घेतली. संत्र्याचं कलम ज्या रोपावर बांधतात ती जंभेरी, तिला काटे असतात. म्हणाले, "डोळे मिटा आन् हात पुढं करा. काई लागलं तं सांगजा."

मी डोळे मिटले. बराच वेळ गेला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी म्हटलं, ठेवा ना काय ठेवायचं ते.

"डोळे उघडा," ते म्हणाले.

काटा माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकात रुतलेला होता. बाजूनं रक्ताचा थेंब आला होता.

"माह्या पायाचं असंच झालं होतं," मोतीरामभाऊ म्हणाले. "शेतात खिळा घुसला, तीन दिवस घेऊन फिरलो. शुगर हाय नं तुमाले?"

मी हो म्हटलं. त्यांच्यापुढं रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. पाय गेलेला माणूस माझी पाठ थोपटत होता.

बुधवार, ३० जुलै

रात्रभर एकच विचार, की हाताचं हे आत्ताच झालं असेल, परवा-तेरवापासून. सकाळी शाळेची व्हॅन ऑइल बदलायला आली. तिच्या ब्रेकचे पाइप मी मार्चमध्ये बदलले होते. खाली शिरून टॉर्च मारला. चारी चाकांपाशी ब्रेकच्या नटांवर पांढरे टिपके. त्यातल्या दोन नटांवर पान्याच्या दुहेरी खुणा, म्हणजे मी लावलेले खोलून पुन्हा लावले आहेत. व्हॅनमध्ये चौदा लेकरं बसतात.

मग नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या, तुषारच्या जीपखाली पाहिलं, दूधवाल्याच्या टेंपोखाली पाहिलं. टिपके. सगळीकडे टिपके. मी फरशीवरच बसलो. खडूची रेघ अजून पुसलेली नव्हती. रस्ता बरोबर होता. डोकं जागेवर आहे, फक्त डोकं सांगतं ते हाताला ऐकू येत नाही. माझ्या हाताला कळत नाही. हे वाक्य मी आयुष्यात लिहीन असं वाटलं नव्हतं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

काल लीलाबाईला सगळं सांगितलं आणि दोघं दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे हातापायांच्या नसा बधिर झाल्यात. साखर ताब्यात आली तर पुढचं नुकसान थांबेल, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. जखमेला पट्टी बांधली. लीलाबाईनं संध्याकाळच्या गोळ्या स्वतःच्या पदराला बांधल्यासारख्या ताब्यात घेतल्या आहेत.

आज बसनं लोधीखेड्याला गेलो. प्रवीण घरी होता, कुणाची तरी मोटरसायकल खोलून अंगणात बसलेला. मला पाहून उठला, जयभीम घातला, हात पुसून पाणी आणलं. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच विचारलं, "कधीपासून पाहून राह्यला तू?"

"दिवाळीपासून."

"मले सांगतलं काऊन नाई?"

तो मोटरसायकलच्या चेनशी खेळत राहिला. म्हणाला, "सांगतलं असतं तं तुमी कामाले हातच नसता लावला, काका. मले वाटे, चार नट मी पाहून घेतो. काम तं तुमीच करून राह्यले नं."

नऊ महिने हा माणूस दुपारचं जेवण सोडून माझ्या मागं नट आवळत होता आणि मी त्याला अन्नाची चाड ठेव म्हणून सुनावलं. माफ कर म्हणालो. वयानं एवढ्या लहान माणसाची माफी मी पहिल्यांदाच मागितली. तो गडबडला, चहा ठेवतो म्हणून आत पळाला. आतून बराच वेळ आला नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

गिअरबॉक्सचं तोंड लेथवाल्याकडून दुरुस्त करून घेतलं. त्यानं मोठं भोक पाडून आत नवीन आट्यांची बाही बसवली. पाइप तेच, रस्ता तोच. मोतीरामभाऊ मुलासोबत आले होते. भिवाजीच्या बाकावर बसून बघत होते, नकली पाय अजून घालता येत नाही म्हणून शेजारी ठेवलेला. चहा भिवाजीनं न सांगता आणला.

गाडीखाली आम्ही दोघं शिरलो. प्रवीणनं वर हात घातला. मी टॉर्च आणि आरसा धरला होता. म्हटलं, पहिले तीन आटे बोटांनी. अकरा वर्षांपूर्वी ऐकलेलं वाक्य, पण हो म्हणाला. नट फिरायला लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एके ठिकाणी त्याच्या कपाळाला आठी पडली, त्यानं नट मागं घेतला, पुन्हा लावला. या वेळी आठी पडली नाही. मग पाना मागितला.

दुसराही नट तसाच झाला. प्रवीणनं खिशातून बाटली काढली, ब्रश बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

मी म्हटलं, तुझं काम आहे, तूच दे. तो म्हणाला, "रस्ता तुमचा हाय, काका. तुमी पाहून टिपका द्या."

ब्रश घेतला. तो बोटांत आहे की पडला, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं, म्हणून नजर हलू दिली नाही. आरशात नट दिसत होता, सरळ बसलेला, सगळीकडून सारखा. हात वर नेला. पहिला टिपका बाजूच्या लोखंडावर गेला. दुसरा नटावर पडला, पण ओघळून भलताच मोठा झाला. मी पुसायला बोळा शोधू लागलो.

"राहू द्या," प्रवीण म्हणाला. "दिसला पाह्यजे, बस."